मुठीतली मोजणी

पहाटे साडेतीनला निघालो.
हजेरी नाही, घंटा नाही.
नऊ पोरं, दोन कुत्री, एक थर्मास,
आणि सगळ्यांच्या पुढे सातुर्निना मामानी,
जिला आता दिसत नाही.
वाट मात्र तिलाच ठाऊक;
वायरापाताचा दगड न् दगड
तिच्या टायरच्या वहाणा ओळखतो.

जून सरत आलेला. गवतावर दहिवर नव्हे, काच.
नाय्दाच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
हिलारियो खोकतोय,
धाकटा एदिल्बेर पोंचोत मान खुपसून
आल्पाकाच्या पिलासारखा चालतोय.
मी कुस्कोहून पदवी घेऊन आलेली.
वहीत रकाने आखलेले:
तारीख, वेळ, तापमान, शेरा.

खिंडीवर तिनं थैली सोडली.
प्रत्येकाला मूठभर मक्याचे दाणे.
म्हणाली, एकमेकांकडे पाठ करा.
कोल्का डोंगरावर आली की बघा
(कृत्तिकांना आम्ही कोल्का म्हणतो, कोठार),
जितके तारे सुटे दिसतील
तितके दाणे उजव्या मुठीत.
बोलायचं नाही.
शेजाऱ्याला विचारायचं तर मुळीच नाही,
विचारलं की त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांत शिरतात.

हे एवढंच वाक्य
विद्यापीठात मी चाळीस पानांत वाचलं होतं.

मग नुसता वारा.
कुत्र्यांनीसुद्धा अंग मुडपलं.
कोठार वर आलं, पण जणू कुणी आत
धान्य पाखडतंय आणि कोंडा उडतोय.

एकेक मूठ तिच्या तळव्यावर उघडली.
अंगठ्यानं चाचपून ती सांगत गेली,
मी लिहीत गेले.
पाच. सहा. पाच. चार. पुन्हा पाच.
एदिल्बेरच्या मुठीतून अकरा निघाले.

ती हसली नाही, रागावलीही नाही.
"अकरावा कसा होता रे?
किनोआच्या दाण्यासारखा, की पिठासारखा?"
तो गप्प.
मग पोंचोच्या आतून आवाज आला:
"थंडी होती, मी डोळे मिटले होते.
अकरा निघाले तर बटाटे लवकर लावतील.
लावणीला आई येते शहरातून."

कुणी काही बोललं नाही.
मी खोडरबर काढला.
रबराचा आवाज तिला कसा कळला कोण जाणे.
"खोडू नको," म्हणाली.
"शेऱ्यात लिही: डोळे मिटलेले.
आणि तू, आता बघ. घाई नाही."

त्यानं बघितलं. फार वेळ बघितलं.
नाक वाहत होतं, पुसलं नाही.
चार दाणे ठेवले तिच्या हातावर.

मग मला राहवेना, मी सांगू लागले,
दूरचा समुद्र तापला की
फार उंचावर पातळ ढग येतात,
दिसत नाहीत, नुसते तारे पुसट करतात,
आणि त्या वर्षी पाऊस उशिरा...
तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
"असेल. माझ्या आजीनं समुद्र पाहिला नव्हता,
पुसट पाहिलं होतं.
दोन्ही लिही. वहीत जागा आहे ना?"

आणि मग पोरांना खाली बसवून
तिनं सांगितलं ते वर्ष,
ज्या वर्षी ती चुकली होती.
कोठार लख्ख होतं, तिनं लवकर लावा म्हटलं,
आणि मातीत बियाणं वाळून गेलं.
कुणाच्या घरी काय शिजलं त्या हिवाळ्यात,
कोण किती दिवस तिच्याशी बोललं नाही,
सगळं, नावानिशी.
"ऑक्टोबरात पुन्हा वही काढा," म्हणाली,
"आणि मला तपासा."

उजाडता उजाडता शेणीच्या विस्तवावर
दाणे भाजले. तडतडले.
एदिल्बेरनं आपले अकराच्या अकरा खाल्ले.
लावणी तीन आठवडे पुढे, असं ठरलं होतं.

"तीन आठवडे म्हणजे किती दिवस?"
उतरताना त्यानं विचारलं.
नाय्दानं सांगितलं.
तरी तो गावापर्यंत
बोटांवर स्वतः मोजत राहिला.